पहिलं आवतन

आमच्या खड्या गमतीला, म्हणजे नागपूरकडच्या तमाशाला, पडदा नसतो. चौकात चार बल्ल्या रोवायच्या, त्यांना गॅसबत्त्या टांगायच्या, मध्ये शाहीर डफ घेऊन उभा, त्याच्या मागे तुणतुणं आणि झांज, आणि चहूबाजूंनी लोक. झालं आमचं नाट्यगृह. नाटकवाल्यांचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे, थोडा हेवाही. तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि समोरचा अंधार आपणहून गप्प बसतो. आमच्यासमोर अंधार नव्हताच. समोर शेंगा सोलणारी माणसं होती, मांडीवरच्या पोराला दटावणाऱ्या बाया होत्या, मागच्या बाजूला बैलाच्या किमतीवरून चाललेला वाद होता. त्या सगळ्यांना हातातलं काम विसरायला लावील अशी पहिली ओळ आम्हाला लागायची. ती नसली तर तुम्ही कितीही नटा, लोकांच्या लेखी तुम्ही अजून यायचे असता.

मी मात्र मनापासून नटत असे. लुगडं, अंबाडा, पायांत चाळ. बाईचं काम करणाऱ्या पुरुषाला आमच्याकडे नाच्या म्हणतात. मला तो शब्द कधी टोचला नाही. नत्थूजी शाहिरांच्या फडात मी मनोहरचा मनोहरबाई झालो आणि तिथे फार सुखात होतो. पण सत्तर साल लागलं तसं मला नुसतं गाण्याचा कंटाळा आला आणि गाणी रचायची हौस आली. मी रचायचो, नत्थूजी ऐकायचे आणि डफाचं कातडं बोटानं चाचपत बसायचे. शेवटी एकदा म्हणाले, "मनोहर, तुह्यं गाणं सुरू होईस्तोर माणूस पान खाऊन परत येते गा." मी रुसलो. त्यांनी रुसू दिलं, आणि मग सांगितलं की तांडापेठेत जा, नाईक तलावाच्या बाजूला देवराव परात्यांचं घर विचार, आणि त्यांच्या घरच्या मनकर्णाबाईसमोर जाऊन बस.

मी विचारलं, कोण या? शाहीर आहेत का?

"लग्नाचे गाणे करते," नत्थूजी म्हणाले.

मला ते अपमानासारखं वाटलं. तरी गेलो.

ते घर मला आजही दिसतं. झोप लागण्याच्या आधी जी काही चित्रं डोळ्यांपुढून जातात त्यांत ते असतंच. बुटकं, कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. एका अंगाला जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून देवराव मागावर बसलेले. दुसऱ्या अंगाला रहाट, आणि रहाटाशी मनकर्णाबाई कांड्या भरत बसलेल्या. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी बोटाएवढी नळी. तिच्यावर सूत गुंडाळून द्यायचं काम घरच्या बायांचं. कवेलूंच्या फटींतून उन्हाच्या काड्या आत उतरायच्या, आणि सुताचा बारीक भुसा त्या उन्हात इतका हळू फिरत असायचा की तो खाली पडतो आहे की वर जातो आहे ते कळू नये. मागाची खटखट आणि रहाटाची घरघर. त्या दोन आवाजांच्या मधोमध बसलं की माणूस पाण्याखाली असल्यासारखा होई.

मनकर्णाबाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. काळ्यासावळ्या, उंच कपाळाच्या, हाताला सुताचा वास. मी नाव सांगितलं. त्यांनी मला पायापासून वर पाहिलं.

"नाचतेस ना तू? मग लाजते काहून? गा."

मी गायलो. गिरणीत कामाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं ते गाणं होतं. त्यात आधी पूर्व दिशा लाल होत होती, मग पाखरं उठत होती, मग नागपूर शहराचं वर्णन होतं, मग त्यातल्या एका गल्लीचं, मग त्या गल्लीतल्या घराचं. मनकर्णाबाईंचा एक हात रहाट फिरवत होता, दुसरा सूत धरून होता, आणि तोंडावर काही नव्हतं. मी गातच राहिलो. बऱ्याच पुढे कुठेतरी एक ओळ होती:

*भाकर झाकून ठेवली वं, उघडून पाहिली,*
*अजून गरम हाय म्हणून पुन्हा झाकली.*

रहाट थांबला. सूत तुटलं नव्हतं, कांडी भरली नव्हती. नुसता हात थांबला होता. त्यांनाही ते उशिरा कळलं. मग त्या म्हणाल्या, "हं. इथून सुरू कर."

मी म्हणालो, मावशी, मग आधीचं सगळं? त्या म्हणाल्या की आधीचं सगळं तुझं नटणं झालं. तू लुगडं लोकांसमोर नेसतोस का? झाडामागे जाऊन नेसून येतोस ना? मग गाण्यालाही नेसवूनच बाहेर आण.

एवढीच शिकवणी. दर आठवड्याला मी जायचो, गायचो, आणि त्यांचा हात कुठे थांबतो ते पाहायचो. पुष्कळदा थांबतच नसे. मग मी आपला चहा पिऊन परत. कधीकधी त्यांचा हात चालू राही आणि पलीकडे माग थांबे. देवराव मान वळवून माझ्याकडे बघत आणि पुन्हा धोटा मारत. ते बोलत नसत. लग्न होऊन आले तेव्हापासून बोलत नाहीत, असं मनकर्णाबाई म्हणायच्या. म्हणजे आले कुठून, घर तर त्यांचंच, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "मी आली तेव्हा हे घर होतं. माणूस मागाहून दिसला."

त्या उमरेडकडून लहानपणीच सून होऊन आल्या होत्या. सासू कांड्या भरताना गुणगुणायची, तिच्याजवळ बसून गाणं त्यांच्या अंगात आलं. सासू गेली आणि आसपासच्या गल्ल्यांतून मांडवाच्या गाण्यासाठी त्यांना बोलावणी येऊ लागली. कोणाकडे मांडव पडायचा म्हटला की त्या घरची बाई हळदकुंकू घेऊन यायची, पाटावर बसायची आणि घरची हकिकत सांगायची. मनकर्णाबाई ऐकत आणि कांड्या भरत. बाई उठून जायच्या आत गाण्याचं तोंड त्यांना दिसलेलं असायचं. घ्यायच्या काय, तर ओटीचे तांदूळ.

त्या गल्लीची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हळद लागायच्या आधी तिथे आवतनाचं गाणं होई. आवतन म्हणजे आमच्याकडे निमंत्रण. गाण्यात एकेका नात्याच्या बाईला नावानं बोलवायचं: काकूला, मामीला, मावशीला, सगळ्यांना. आणि जिचं नाव पहिलं येईल तिनं उठून नवरीला पहिली हळद लावायची. त्यामुळे गाणं कुणाच्या नावापासून सुरू होणार, यावर त्या घरातलं पुष्कळ काही अवलंबून असे. गाणं उचलणारी, म्हणजे पहिली ओळ एकटीनं म्हणणारी बाई मात्र स्वतःचं नाव घ्यायची नाही. तशी रीतच नव्हती. मनकर्णाबाई सगळीकडे गाणं उचलत. त्या सगळ्या गल्ल्यांत आवतनाची किती गाणी त्यांनी केली असतील, पण एकाही गाण्यात मनकर्णा हे नाव नाही.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, दुपारच्या वेळेला, मी तिथे बसलेलो असताना शामला आली. धोंडबा विणकराची ती मुलगी, दोन घरं सोडून राहणारी. तिचं लग्न ठरलं होतं. मी पुरुष म्हणून उठायला लागलो तर मनकर्णाबाई म्हणाल्या, "बस वं मनोहरबाई, तुह्याशी काय लपवायचं," आणि शामला पहिल्यांदा हसली. मग पदराचं टोक पिळत म्हणाली, "काकू, माह्यं गाणं माह्या मायच्या नावानं सुरू करा."

रहाट फिरत होता तो फिरतच राहिला.

शामलाची आई जयवंता. मुलगी लहान असताना ती धोंडबाशी भांडून माहेरी कळमेश्वरला निघून गेली. तो आणायला गेला नाही, ती आपणहून आली नाही. वर्षं गेली तसं पंचांनी काडीमोड दिला आणि जयवंतानं तिकडेच दुसरं घर केलं. मुलगी बापाकडे राहिली. चूक कोणाची हे मला माहीत नाही आणि आता विचारायलाही कोणी उरलं नाही. शामलाला वाढवलं ते तिच्या आत्यानं, पार्वतीबाईनं. ती आणि तिचा नवरा त्याच घराच्या दुसऱ्या अंगाला राहात, आणि पार्वतीबाईला स्वतःचं मूल नव्हतं. मुलीला न्हाऊ घालणं, वेणीफणी, गोवर आला तेव्हा उशाशी बसून राहणं, सगळं तिनं केलं. शामलानं बापाला विचारलं होतं, आईला बोलवायचं का. धोंडबा म्हणाला, मांडव तुझ्या आत्यानं उभा केला आहे, ती म्हणेल तसं. आणि आत्याला विचारायची शामलाची छाती होत नव्हती.

त्याच आठवड्यात पार्वतीबाईही येऊन गेली. रीतसर हळदकुंकू घेऊन, पाटावर बसून. मोठ्या आवाजाची, ठसठशीत बाई. तिनं काहीच मागितलं नाही. मुलीला कसं वाढवलं ते सांगितलं, गल्लीतल्या बाया आत्तापासूनच कशा म्हणून राहिल्या आहेत की पहिलं नाव तर पार्वतीचंच, तेही सांगितलं. जाताना दारात थांबली. "त्या कळमेश्वरवालीचा विषय काढला असल पोट्टीनं," ती म्हणाली. "काढू दे. पण मी एवढं करून माह्यं नाव दुसरं आलं ना मनकर्णा, तर मी मांडवात उभी राहाणार नाई. सांगून ठेवते." ती गेल्यावर घरात तिच्या अंगाला लागलेला खोबरेल तेलाचा वास बराच वेळ राहिला.

आमच्या फडाला त्याच सुमारास कळमेश्वरची सुपारी आली. मनकर्णाबाई मला म्हणाल्या, गंमत झाली की सकाळी जयवंताला भेटून ये, नुसतं पाहून ये. मी गेलो. तोंडावरचा रंग नीट उतरला नव्हता, कानामागे लाली तशीच. जयवंता अंगणात तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होती. बारीक अंगाची, शामलासारखीच हनुवटी. मी कोण, कुठून आलो ते सांगितल्यावर तिनं खराटा खाली ठेवला, मला पाणी दिलं, आणि मग मुलगी कशी दिसते एवढंच विचारलं. मी सांगितलं ते ती फार लक्ष देऊन ऐकत होती, जसं काही पाठ करायचं आहे.

मग म्हणाली, लग्नाचा दिवस मला माहीत आहे. हळदीच्या दिवशी मी येईन आणि गल्लीच्या तोंडाशी बसेन. गाण्यात नाव आलं तर आत येईन.

मी विचारलं, नाव मागे-पुढे आलं तर चालेल का? सगळ्यांत शेवटी?

"शेवटचं नाव नोको," ती म्हणाली. "उरलेलं वाढल्यासारखं होते ते. त्यापेक्षा मी तिथूनच पाहीन अन् जाईन. कोणाले सांगू नका मी आली म्हणून."

मी परत येऊन हे सगळं सांगितलं. मनकर्णाबाईंनी ऐकून घेतलं आणि कांड्या भरत राहिल्या. त्या दिवसांत मी रोजच जाऊ लागलो. खरं सांगायचं तर मला राहवत नव्हतं. फडात नाना प्रसंग मी उभे केले होते, पण दोन बायांच्या नावांमध्ये अडकलेलं गाणं मी पाहिलं नव्हतं. मी उपाय सुचवायचो. देवापासून सुरू करा, गणपतीला पहिलं आवतन द्या. त्या म्हणाल्या, गणपती हळद लावायला उठेल का? मी म्हणालो, आजीच्या नावानं करा, शामलाची आजी तर सगळ्यांना सारखी. त्या म्हणाल्या, आजी जाऊन किती काळ झाला, मेलेल्या माणसाच्या पदराआड लपायचं का? मी म्हणालो, दोन्ही नावं एका ओळीत घाला. त्यावर त्यांनी रहाट थांबवला. मला वाटलं, जमलं. पण त्यांना फक्त तुटलेलं सूत जोडायचं होतं. जोडून झाल्यावर म्हणाल्या, "एका ओळीत घातले तरी तोंडातून एक आधी निंघंलच ना गा."

दुपारी माग बंद असायचा. देवराव भिंतीशी आडवे पडलेले असत, तोंडावर ओला पंचा. बाहेर ऊन इतकं पांढरं की गल्ली स्वप्नातली वाटावी. नाईक तलावावरून कपडे आपटल्याचा आवाज यायचा, तोही दूरवरून, जणू दुसऱ्या कुठल्या वर्षातून. मनकर्णाबाई त्या वेळी गाण्याचं एकच पहिलं कडवं हलक्या आवाजात म्हणून बघत:

*हळद भिजली वं, मांडव सजला,*
*पहिलं आवतन कोणाले धाडू?*

आणि 'धाडू'वर थांबत. पुढे काही नाही. पुन्हा तेच. सूर इतका गोड लागला होता की मी डोळे मिटून बसायचो आणि पुढचं नाव आलंच नाही तर बरं, असंही मनात येऊन जायचं. एकदा त्या थांबल्या आणि म्हणाल्या की हे गाणं माझ्या तोंडून सुरूच होत नाही, कारण हे माझ्या घरचं नाही. मी ते कंटाळल्याचं बोलणं समजलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या मजेत होत्या. गाणं झालं का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "माह्यं झालं."

हळदीचा दिवस. सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या पाणी भरताना चांगल्या खणखणीत आवाजात शेजारणीशी भांडत होत्या. मांडवात पोचलो तोपर्यंत त्यांचा घसा बसलेला होता. गळ्याभोवती ओलं फडकं गुंडाळून, खुणेनं बोलत, त्या बायांमध्ये बसल्या होत्या. मी बघितलं तसं त्यांनी माझ्याकडे पाहायचंच टाळलं. मी मुकाट्यानं मांडवाच्या खांबाशी उभा राहिलो. नाच्या म्हणून मला बायांच्या बाजूला उभं राहायची मुभा होती.

हिरव्या फांद्यांचा मांडव, खाली सडा टाकलेली ओली जमीन. शामला पाटावर, मान खाली. समोर हळदीची वाटी. मांडवातून गल्लीचं तोंड सरळ दिसत होतं, आणि तिथल्या परक्या घराच्या ओट्यावर, उन्हात, एक बाई डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. शामलानं तिकडे एकदाच पाहिलं. पार्वतीबाईनंही पाहिलं असावं, कारण ती एकाएकी फार जोरात कामाला लागली. ठेवलेली भांडी उचलून पुन्हा ठेवू लागली.

बाया म्हणाल्या, चला, उचला गाणं. मनकर्णाबाईंनी गळ्याकडे बोट केलं आणि मान हलवली. मग घोगऱ्या, मुद्दाम आणलेल्या आवाजात म्हणाल्या, "पार्वती, तू उचल. सूर तुले ठावा आहे. माग बंद असला की माह्याकडून सगळं ऐकू येते तुले."

गाणं उचलायला मिळणं हा मान मोठा होता. हयातीत तो मनकर्णाबाईंनी दुसऱ्या कोणाला दिला नव्हता. पण उचलणारीला स्वतःचं नाव घेता येत नाही, हेही तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पार्वतीबाई तांब्या हातात घेऊन उभीच राहिली. ती काही भोळी नव्हती.

"नाटक कराले आता या मनोहरबाईकडून शिकली का वं तू?" ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. मनकर्णाबाईंनी गळ्याचं फडकं नीट केलं. पार्वतीबाईला नाही म्हणता आलं असतं. दुसऱ्या कोणी गाणं उचललं असतं, तिचं नाव पहिलं आलं असतं, आणि कुणी काही बोललं नसतं. तिनं तांब्या ठेवला. शामलाच्या मागे येऊन उभी राहिली, पदर खोचला, आणि उचललं.

*हळद भिजली वं, मांडव सजला,*
*पहिलं आवतन कोणाले धाडू?*

आवाज तिचा दणकट. गल्लीच्या पलीकडेही गेला असेल. बायांनी रिवाजाप्रमाणे ओळ परत म्हटली आणि पुढच्या नावासाठी थांबल्या. पार्वतीबाईनं नाव घेतलं नाही. तीच ओळ पुन्हा म्हटली. बायांनी पुन्हा धरली. तिनं पुन्हा तीच म्हटली. आता आवाज उतरला होता, आणि 'कोणाले' हा शब्द खरंच कोणाला तरी विचारल्यासारखा झाला होता. मी रंगमंचावर, म्हणजे चौकात, फार थांबे पाहिले, स्वतःही घेतले. टाळी मिळवण्यासाठी किती थांबायचं याचा मला अंदाज असे. त्या दिवशीचा थांबा कोणासाठीच नव्हता. ऊन, फांद्यांतून पडलेले ठिपके, हळदीवर बसू पाहणारी एक माशी, आणि ती ओळ. फिरून फिरून ती ओळ. मला वाटलं आम्ही सगळे त्या सुरातच राहायला गेलो आहोत आणि बाहेर नागपूर शहर आहे हे विसरलो आहोत.

मग पार्वतीबाईनं शामलाच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला तो धरायला, आशीर्वाद द्यायला नव्हे.

*पहिलं आवतन धाडा वं कळमेश्वराले,*
*पहिलं आवतन जयवंता वहिनीले.*

ओट्यावरची बाई उठली नाही. मला वाटतं तिला उठता येत नव्हतं. बायांनी ओळ धरली, जयवंता वहिनीले, जयवंता वहिनीले, आणि तरी ती बसलेलीच. शेवटी पार्वतीबाईनं गाणं अर्ध्यावर सोडलं, मांडवाच्या कडेपर्यंत गेली आणि रोजच्या आवाजात हाक मारली:

"ये ना वं वहिनी. हळद वाळून राहिली."

जयवंता आली. चपला मांडवाबाहेर काढल्या, एक सरळ एक उलटी. तिनं लेकीला पहिली हळद लावली. कपाळाला लावायची ती भुवईवर गेली, आणि शामला रडत होती त्यामुळे ती पुढे गालावर उतरली. पार्वतीबाई गाणं पुढे नेत होती: काकूचं नाव, मामीचं, मावशीचं. शेवटचं नाव संपलं तेव्हा मनकर्णाबाईंनी, बसलेल्या घशाची आठवण न राहून, भर आवाजात एक ओळ घातली, पार्वती आत्याचं आवतन. बाया खो खो हसल्या. पार्वतीबाई म्हणाली की मला उरलेलं चालते, मी घरची आहो.

त्यानंतर त्या दोघी वहिनी-नणंदा फार जवळ आल्या असं काही झालं नाही. जयवंता लग्न लागेपर्यंत राहिली आणि पंगत उठल्यावर गेली. पण शामलाच्या पहिल्या बाळंतपणाला ती आली होती, एवढं मला ठाऊक आहे.

मी पुढे बरीच गाणी रचली. नत्थूजींनी पान खायला उठणं बंद केलं. मग नत्थूजी गेले, फड मोडला, माझे गुडघे गेले आणि हातमागही एकेक करून बंद पडत गेले. तांडापेठेतली पोरं हिंगण्याच्या कारखान्यांत लागली. देवरावांचा माग विकला गेला तेव्हा ते काही बोलले नाहीत. मनकर्णाबाई मात्र म्हणाल्या की आता घरात फार मोठ्यानं बोलावं लागते.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला मी हिंगण्याला एका लग्नाला गेलो होतो. नवरीचे वडील कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, मूळचे भंडाऱ्याकडचे, आपल्या विणकरांशी त्यांचा काही संबंध नाही. कापडी मंडप, लाउडस्पीकर. हळदीला मुलींनी गाणं धरलं आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. सूर तोच. आणि शब्द:

*पहिलं आवतन जयवंता माउलीले.*

गाणं झाल्यावर मी एका मुलीला जवळ बोलावून विचारलं, या कोण गं जयवंता? तुमच्या नात्यातल्या?

ती म्हणाली, "नाई हो काका, देवी हाये ती. कळमेश्वराकडची. तिचं नाव घेतल्याबिगर हळद चढत नाई म्हणतात."

मी दुसऱ्याच दिवशी तांडापेठ गाठली. मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत फूल पडलं होतं, त्या आवाजानं माणूस ओळखायच्या. शेजारी पार्वतीबाई तांदूळ निवडत बसली होती. आताशा ती दुपारी तिथेच असे. मी दोघींना सगळं सांगितलं, मुलीची नक्कल करून, हात जोडून, डोळे मिटून. सवय कुठे जाते. मनकर्णाबाईंनी सूर कसा लागला होता ते विचारलं, मला म्हणून दाखवायला लावलं, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात मांडीवर, नसलेल्या सुताशी, थांबला.

पार्वतीबाईनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"देवी?" ती म्हणाली. "वरणात मीठ टाकाची अक्कल नव्हती तिले."

मग सूप खाली ठेवून तिनं ती ओळ हळूच म्हणून पाहिली, वहिनीच्या जागी माउली घालून. आणि चांगली लागते म्हणून पुन्हा एकदा म्हटली.